चौथा वारस

"मयताशी तुमचं नातं?" नोटरीबाईंनी विचारलं, आणि सगिन म्हणाला, "मुलगा."

बाईंना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून त्यांनी त्याचा जन्मदाखला पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा दाखल्याकडे. "इथे तर तुम्ही नातू दिसताय," त्या म्हणाल्या. "वडिलांचं नाव जुमादिल. ते मयतबाईंचे चिरंजीव. बरोबर?" "बरोबर. पण तो माझा दादा." "दादा म्हणजे?" "थोरला भाऊ." बाई शिंकल्या, आणि त्या सावरेपर्यंत सगिनला उगाच वाटलं, आता हसतील, कागद पुढे सरकवतील आणि म्हणतील, करा सही. "वडील हयात आहेत का?" "नाही. बारा वर्षं झाली जाऊन." "ते आजोबा झाले हो. मी कागदावरचे वडील विचारतेय. जुमादिल." "आहे की. ठणठणीत आहे. दात तेवढे नाहीत." "मग घर त्यांचं," बाई म्हणाल्या, शर्टाला डाग पडलाय हे सांगावं तशा सुरात.

तो उठला नाही. खुर्चीला चिकटून बसून त्यानं एकेक गोष्ट पुढे ठेवली. जन्मल्यापासून तिथेच राहतोय. राहिल्यानं घर आपलं होत नाही, बाई म्हणाल्या. विजेचं, गॅसचं, पाण्याचं बिल मीच भरतो. भाडेकरूही भरतो. न्हाणीघर नवं केलं, खिडक्या बदलल्या, आईला शेवटची सहा वर्षं उचलून फिरवली. बाईंनी मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. आईंनी मृत्युपत्र केलंय का? दत्तकाचा काही कागद, कोर्टाचा? नाही. "मग ऐका. वडील असताना नातवाला वारसा जात नाही. वडिलांना घेऊन या. ते त्यांच्या आईचं घर स्वतःच्या नावावर घेतील, आणि मग मुलाला म्हणून तुम्हाला बक्षीसपत्र करून देतील. सहा महिन्यांच्या आत. आई ऑगस्टमध्ये गेल्या ना? म्हणजे फेब्रुवारी. रोज येतात हो तुमच्यासारखे," त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या, "आजीच्या ओटीतले."

बाहेर बिश्केकचा ऑक्टोबर होता. रस्त्याकडेच्या पाटांत पॉपलरची पानं साचली होती आणि कुणीतरी ती पेटवली होती, त्याचा कडू धूर डोळ्यांत जात होता. रोज येतात म्हणे. येत असतीलच. थोरल्या सुनेचं पहिलं मूल सासूच्या ओटीत जातं, यात सांगण्यासारखं काय आहे? त्याच्या वर्गात अशी पाचसहा पोरं होती. आजीला आई म्हणायचं, आजोबांना बाबा, बापाला दादा, आणि जिनं जन्म दिला तिला वहिनी. हे त्याच्यापासून कुणी लपवलं नव्हतं. शाळेत हजेरीला बापाचं नाव जोडून हाक मारायचे तेव्हा 'जुमादिल' ऐकून तो 'हजर' म्हणायचा, आणि घरी येऊन जुमादिलला दादा म्हणायचा, आणि या दोन्हींची कधी टक्कर झाली नव्हती. मूल दिलं तेव्हा मेंढा कापला, शेजारपाजार जेवला, झालं. त्यावर आणखी कचेरीत जाऊन शिक्का आणायचा म्हणजे जेवलेल्या माणसांवर विश्वास नाही असं म्हणण्यासारखं होतं. आणि मृत्युपत्र! खालच्या मजल्यावरची झिनाइदाबाई आईला एकदा म्हणाली होती, कागद करून ठेव गं, दिवस वाईट आहेत. आई कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "धाकट्याला आईबापाचं घर मिळतं, त्याला कागद कशाला? उद्या म्हणशील, त्याला पाजलेल्या दुधाचाही कागद आण." आणि मग जरा थांबली होती, कारण दूध तिनं पाजलं नव्हतं. झिनाइदाबाईला ते माहीत नव्हतं. सगिनला माहीत होतं. त्यानं तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं होतं, आणि आज इतक्या वर्षांनी, धुरात डोळे चोळताना, त्याला त्या थांबण्याचा राग आला.

तिसऱ्या मजल्यावरचं ते घर काही राजवाडा नव्हतं. दोन खोल्या, आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी. गॅलरीत त्याचं बाक होतं, त्यावर मेण, प्लास्टर, घासायची चाकं आणि दिवा. तो कवळ्या बनवायचा. शहरातले तीन दवाखाने त्याच्याकडे मापं पाठवायचे आणि तो लोकांची हसू तयार करून परत पाठवायचा. लग्न झालं होतं, टिकलं नाही. बायको म्हणाली होती, तू आईला सोड नाहीतर मला, आणि त्यानं उत्तर द्यायला इतका वेळ लावला की ती स्वतःच गेली. आता शेहेचाळीस पूर्ण झाली होती. या गॅलरीबाहेर आपण कुठे बसू हे त्याला दिसतच नव्हतं. भाड्याच्या खोलीत प्लास्टरची भुकटी कोण चालवून घेणार? रात्री आईच्या खोलीतून औषधी तेलाचा वास यायचा, अजून यायचा, आणि कपाटावरच्या पेल्यात तिची कवळी होती. त्यानंच केलेली. वरचा एक दात मुद्दाम थोडा वाकडा बसवला होता, कारण तिचा खरा तसाच होता. न्हाऊ घालायला आलेल्या बायकांनी ती काढून त्याच्या हातात ठेवली होती. तेव्हा तो इतका रडला होता की लोक म्हणाले, पोटचा असता तरी इतका रडला नसता. त्याला हे बोलणं त्या वेळी कौतुकाचं वाटलं होतं.

दादाकडे जायला निमित्त लागत नव्हतं, तरी त्यानं निमित्त घेतलं. दादाची कवळी करायचीच होती. शहराच्या उत्तरेला, कालव्यापलीकडच्या वस्तीत दादानं स्वतःच्या हातांनी मातीच्या विटांचं घर बांधलं होतं. तिथे दादा, वहिनी आणि त्यांचा धाकटा एर्मेक राहायचे. दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या. सगिननं दादाला खिडकीजवळ बसवलं, गळ्यात फडकं बांधलं, मापाचा लगदा कालवला आणि त्यानं भरलेला जबड्याच्या आकाराचा चमचा त्याच्या तोंडात दाबून धरला. "चावायचं नाही, बोलायचं नाही," तो म्हणाला, "घट्ट होईपर्यंत श्वास नाकानं." आणि तो लगदा घट्ट होईपर्यंतच्या वेळात, दादा बोलू शकत नाही याची पक्की खात्री असताना, त्यानं नोटरीकडे काय झालं ते सगळं सांगून टाकलं. दादाचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. लाळ हनुवटीवर उतरत होती, सगिन ती पुसत होता आणि बोलत होता, आणि त्याचा हात दादाच्या जबड्याखाली होता. इतका वेळ त्यानं या माणसाच्या तोंडाला हात कधी लावला नव्हता.

चमचा निघाला तसा दादा आधी थुंकला. मग हसला, बोळकं हसू. "म्हणजे कागदावर मी तुझा बाप?"

"कागदावर, दादा."

"पन्नासेक वर्षं त्या कागदानं तोंड उघडलं नाही, आणि आत्ता बरं सुचलं त्याला."

"तू फक्त यायचं. सही करायची. अर्ध्या तासाचं काम."

"सही कशावर करायची? हा माझा मुलगा, याला घर दिलं, यावर?" दादाचं हसू अजून होतं, पण आवाज उतरला होता. "तुला आईच्या ओटीत घातलं तेव्हा वीस वर्षांचा होतो मी. म्हणालो, आई, हा तुझा, माझा याच्यावर हक्क नाही. बाबा होते, तिचे भाऊ होते. सगळ्यांसमोर बोललो. आणि ती आता मातीत आहे, तिचं वर्षाचं जेवण व्हायचंय, आणि मी जाऊन म्हणू, दिलेलं परत घेतलं?"

"परत कुठे घेतोयस? घर मलाच तर मिळणार."

"घराचं नाही बोलत मी, गाढवा."

"वर्षापर्यंत थांबता येणार नाही, दादा. सहा महिने आहेत."

"कुणी ठरवले सहा महिने? मेलेल्या माणसाला जायला वर्ष लागतं. वर्ष झालं की बघू. घर तुझंच आहे, त्याला कोण हात लावतोय? मी लावतोय? एर्मेक लावतोय?" एर्मेक दारात बूट काढत होता. त्यानं वर पाहिलं आणि दुसरा बूट ओढून काढला. वहिनी किटली घेऊन बाहेर गेली होती आणि बराच वेळ परत आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे चुलीच्या धुरानं लाल असावेत असे होते, पण चूल तर आत होती. तिनं सगिनच्या वाटीत चहा ओतला, नेहमीसारखा अर्धीच वाटी, म्हणजे पाहुणा लवकर उठू नये आणि वाटी पुन्हापुन्हा मागावी. "बोर्सोक खा," ती म्हणाली, "गरम आहेत," आणि तळलेल्या कणकेच्या त्या गोळ्यांचं ताट त्याच्याकडे सरकवलं. त्यानं खाल्ले. सहा महिन्यांबद्दल पुन्हा बोलायला हवं होतं, हट्ट धरायला हवा होता, पाय धरायला हवे होते. पण पाय धरायचे म्हणजे पोरगा म्हणून धरायचे, आणि ती सवय त्याला नव्हती. भाऊ भावाकडे एकदा मागतो. दुसऱ्यांदा मागत नाही.

घरी येऊन त्यानं मापात प्लास्टर ओतलं. साचा सुटून आला तेव्हा दिव्याखाली धरून पाहताना त्याला पहिल्यांदा भीती वाटली. अरुंद टाळू, आणि टाळूच्या मधोमध, जरा उजवीकडे, वाटाण्याएवढी हाडाची गाठ. फळीच्या मागच्या बाजूला, शिकत असताना केलेला त्याच्या स्वतःच्या तोंडाचा साचा होता. तो काढून त्यानं धूळ पुसली आणि दोन्ही शेजारी ठेवले. गाठ त्याच जागी होती. त्यानं जिभेनं स्वतःच्या टाळूवरची ती गाठ चाचपली. आयुष्यभर ती तिथे होती, आणि आयुष्यभर दादाची जीभही अशीच तोंडात त्या गाठीवर फिरत असणार, जेवताना, बोलताना, बोलायचं टाळताना. नोटरीबाईंच्या कागदाला नाही म्हणता येत होतं, या प्लास्टरला काय म्हणायचं? त्याला घर हवं होतं, यात शंका नव्हती. पण दादानं 'हा माझा मुलगा यावर?' असं म्हटलं तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं होतं, आणि वाक्य प्रश्न होऊन संपल्यावर ते जे खाली आपटलं ते घरासाठी नव्हतं. त्याची त्याला लाज वाटली. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यानं उठून ते लावलं, जणू तिला साचे दिसले असते.

तिला असलं लगेच कळायचं. तो सहा वर्षांचा असताना दादाकडे राहायला गेला आणि तापानं फणफणला. रात्रभर वहिनीनं मांडीवर घेतलं होतं. तिच्या ओढणीला धुराचा आणि आंबट दह्याचा वास होता, आणि तापात तो 'आई, आई' म्हणत होता. कुणाला म्हणत होता हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. वहिनी 'ओ' देत होती. हळू, कानाशी, दर वेळी, 'ओ.' सकाळी आई आली, बहुतेक एर्मेकच्या थोरल्या बहिणीनं काहीतरी सांगितलं, आणि आईनं त्याला घोंगडीत गुंडाळून तसाच उचलून टॅक्सीत घातला. त्यानंतर पुढचे दोन हिवाळे त्याला तिकडे पाठवलं नाही. टॅक्सीच्या मागच्या काचेतून त्याला वहिनी फाटकात दिसली होती, अनवाणी, बर्फात. आई म्हणाली होती, "मागे बघू नये, उलटी होते."

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. कवळी मेणात बसवून झाली होती, एकदा तोंडात घालून पाहायचं बाकी होतं. दादाला फोन केला की तो म्हणायचा, थंडी ओसरू दे, येतो, तुझ्या त्या नोटरीबाईलाही भेटू हवं तर, आणि हसायचा. सगिनला त्या हसण्यात होकार दिसायचा, मग नकार दिसायचा. आणि जानेवारीत एका सकाळी दादा कोळसा फोडायला शेडमध्ये गेला आणि तिथेच, कुऱ्हाड हातात असताना, पडला. एर्मेकचा फोन आला. सगिननं मेणातली कवळी कागदात गुंडाळून खिशात घातली, का ते त्याला कळलं नाही, आणि धावत खाली उतरला.

तो पोचला तोवर अंगणात युर्त, लोकरीच्या जाड नमद्याचा गोल तंबू, उभी राहिली होती. बर्फ खरवडून जागा केली होती, आत दादाला पडद्याआड ठेवलं होतं, आणि भिंतीकडे तोंड करून वहिनी, दोन्ही मुली आणि नात्यातल्या बायका बसल्या होत्या. त्यांचा विलाप नमद्यातून बाहेर ऐकू येत होता. बाहेर पुरुषांची रांग लागायची होती. कोटावरून पट्टा बांधून, काठीवर वाकून, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर मोठ्यानं रडायचं. ज्याचं जे नातं, त्या नात्यानं हाक मारून. मुलगा बाबा म्हणून, भाऊ भाऊ म्हणून. बाबा गेले तेव्हा सगिन आणि दादा असेच शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांनी एकाच माणसाला 'बाबा' म्हणून हंबरडा फोडला होता. लोक म्हणाले होते, काय दोन मुलगे आहेत.

एर्मेकनं त्याला बाही धरून लाकडांच्या ढिगामागे नेलं. डोळे सुजले होते त्याचे, पण तो सगळा विचार करून आला होता. "काका," तो म्हणाला, "हे बोलायची वेळ नाही, मला कळतं. पण नंतर वेळ राहणार नाही. मी विचारून आलोय. आजीचं घर बाबांनी नावावर घेतलंच नाही. आता तो हक्क आमच्यावर आला. आईवर, आम्हा भावंडांवर. आणि तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"कागदावर तुम्ही बाबांचे मुलगे ना." त्यानं काठीचं टोक बर्फात रुतवलं. "तर मी काय म्हणतो, आजीचं घर तुमचंच आहे. सगळ्यांना मान्य आहे. आई, ताया, मी, सगळे नोटरीकडे येऊ आणि तुमच्या बाजूनं सोडून देऊ. कागदावर काय लिहायचं ते तिथे, त्या खोलीत. पण इथे माणसांत तुम्ही काका. काका म्हणून उभे राहा, भाऊ म्हणून रडा. मुलगा म्हणून उभे राहिलात तर मग सगळंच कागदानं होऊ दे. ते घरही वाटलं जाईल, हेही वाटलं जाईल. हे बाबांचं घर धाकट्याचं आहे, काका. मला तीन पोरं आहेत. मी कुठे जाऊ?"

सगिनला त्याचा राग आला नाही. एर्मेकच्या जागी तो असता तर हेच बोलला असता, कदाचित इतकं नीट बोलता आलं नसतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "असं काय करतोस, मी काकाच आहे." एर्मेकनं त्याच्या कोटावर स्वतःच्या हातानं पट्टा बांधला आणि काठी दिली.

ते रांगेत उभे राहिले. एर्मेक आधी, मग जावई, मग सगिन. फाटकातून पहिली माणसं आत आली, दादाच्या जुन्या कारखान्यातली, आणि एर्मेकनं खाली वाकून आवाज सोडला, "बाबा! माझे बाबा! कुठे शोधू तुम्हाला!" सगिनचं तोंड उघडलं. क्षणभर काहीच आलं नाही. जीभ टाळूला लागली होती, त्या गाठीला. त्याच्या मनात गॅलरी होती, दिवा होता, पेल्यातली वाकड्या दाताची कवळी होती. आणि आई होती, जिला आता आजी करून टाकायचं होतं की नाही ते त्याच्या तोंडून निघणाऱ्या शब्दावर होतं. आणि मांडी होती, धुराच्या वासाची. एर्मेकनं मान न वळवता त्याच्याकडे पाहिलं. "दादा!" सगिन ओरडला. "अरे माझ्या दादा! माझ्या पाठीचा आधार, माझ्या भावा!" आवाज फाटला, पण दूरपर्यंत गेला. पाहुणे त्याच्यापाशी आले, खांद्याला खांदा लावून त्याच्याबरोबर रडले आणि आत गेले.

तेव्हा त्याला नमद्यापलीकडून वहिनीचा आवाज ऐकू आला. ती मघापासूनच गात असणार, पण आपल्याच ओरडण्यात त्याला शब्द कळले नव्हते. विलापाची चाल तीच होती जी सगळ्या बायकांची असते, शब्द मात्र ज्या त्या बाईचे. 'दाराशी घोडा बांधलेला,' ती गात होती, 'स्वार परतून येईना. चार लेकरांचं छत होतास, छत हे कुणी रे नेलं.' सगिननं मोजलं. दोन मुली, एक एर्मेक. तिला आणखी मूल झालं नव्हतं, गेलंही नव्हतं. अंगणातल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. आत बायकांचा हुंदका एकदम थांबला. शेहेचाळीस वर्षांत तिनं हे तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता दादा नाही, आई नाही, दिलेला शब्द पाळून घेणारं कुणी उरलं नाही म्हटल्यावर तिनं ते सगळ्या गावासमोर गाऊन टाकलं होतं. आणि त्याच वेळी बाहेरून, हातभर अंतरावरून, तिच्या चौथ्यानं 'माझ्या भावा' म्हणून ओरडलेलं तिला ऐकू गेलं होतं. नमदा जाड असतो, पण इतका नाही.

आता पुढचे पाहुणे यायच्या आत ओरडावं असं त्याला वाटलं. दुसरा शब्द. एकदाच. एर्मेक त्याच्याकडे पाहत नव्हता, मुठीतली काठी पाहत होता, आणि त्याची तिन्ही पोरं ओसरीवर टोप्या कानांवर ओढून उभी होती. सगिनचा हात खिशात गेला. अंगाच्या उबेनं मेण मऊ झालं होतं, दात बोटांना लागून एकेक सुटत होते.

आत वहिनीनं पुन्हा सुरुवात केली. आवाज मघापेक्षा सपाट होता. गाण्यात पुन्हा घोडा आला, स्वार आला. मग ती थोडी थांबली, जशी आई कणीक मळताना थांबली होती तशी. "तीन लेकरांचं छत होतास," ती गायली, "छत हे कुणी रे नेलं," आणि मुली पुन्हा तिच्याबरोबर रडू लागल्या.

फाटकात नवी माणसं आली होती. सगिन काठीवर वाकला आणि ओरडला, "दादा!" आता आवाज छान लागला होता.